हावऱ्यांच्या भरवशावर

प्रवाळाच्या टाकीत माशांपुढे टाकलेला घास टाकीबाहेर आपणहून कधी जात नाही. मासा तो खातो, त्यातला थोडा अंगी लावतो, बाकीचा अमोनिया आणि विष्ठा होऊन पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. दगडांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात. एवढं झालं की पाण्यातलं विष उतरतं, पण नत्र तिथेच असतो. फॉस्फेटला तर वायू होऊन उडून जायचीही वाट नाही. खरकटी भांडी कपाटात सरकवून ठेवली म्हणजे स्वयंपाकघर आवरलं असं होत नाही. नितळ दिसणाऱ्या कितीतरी टाक्यांची अवस्था नेमकी तीच असते.

माझी टाकी ५०० लिटरची आहे आणि ती समुद्रापासून फार लांब, जर्मनीत, स्टुटगार्टमधल्या घरात आहे. मी मूळची मालवणकडची. समुद्र ही गोष्ट तिथे विकत घ्यावी लागत नाही. इथे मात्र मीठ तोलून घालावं लागतं, पाणी आरओमधून गाळावं लागतं, आणि आत गेलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब मला मनापासून आवडतो. तो असा.

एक ग्रॅम कोरडं खाद्य घ्या. त्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नत्र, म्हणजे ७२ मिलिग्रॅम नत्र. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर ते सुमारे ३२० मिलिग्रॅम भरतं. मी दिवसाला तीनेक ग्रॅम खाद्य घालते असं धरलं, तर पंधरवड्यात ५०० लिटर पाण्यात लिटरमागे २५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेटची भर पडते. उष्ण कटिबंधातल्या खुल्या प्रवाळभित्तीवर हाच आकडा बहुधा ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली असतो.

हा फरक पाहून नवे लोक घाबरतात आणि नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागतात. मला तो रस्ता पटत नाही. प्रवाळभित्तीवर पोषक द्रव्यं कमी दिसतात ती तिथे कोणी खात-पीत नाही म्हणून नव्हे. चार्ल्स डार्विन १८३६च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरला होता. पाणी इतकं निःसत्त्व आणि त्यात वस्ती मात्र इतकी दाट, हे कसं, हे कोडं आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. उत्तराचा मोठा भाग वेगात आहे. तिथे अमोनियाचा कण पाण्यात आला रे आला की कोणीतरी तो उचलतो. प्रवाळाच्या पेशींतली सूक्ष्म शैवालं उचलतात, दगडावरची शेवाळाची पातळ साय उचलते, स्पंज उचलतात. २०१३ साली डच शास्त्रज्ञांच्या एका गटाने कॅरिबियनमधल्या कुरासाओच्या भित्तीवर दाखवून दिलं की स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ शोषतात आणि आपल्या झडणाऱ्या पेशींच्या रूपाने इतरांच्या तोंडी परत घालतात. पाण्यात कोणत्याही क्षणी थोडंच सापडतं, पण दिवसभरात त्यातून पुष्कळ जातं.

टाकीत मला हेच हवं असतं. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०५च्या आसपास, आणि दोन्ही सतत कोणाच्या तरी पोटात जाणारी. दोन्ही शून्यावर गेली की प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी जीवांची तपकिरी, बुडबुडे धरणारी चिकट तार पसरते. एकदा बसली की ती महिनोन्‌महिने हलत नाही. उपाशी पाणी आणि स्वच्छ पाणी यांत या छंदात फार गल्लत होते.

मग खाणारा कोण ठेवायचा? या प्रश्नाची उत्तरं जगात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी निघाली. जाकार्तामधल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून काढली : जिवंत दगड (जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेले समुद्रातले दगड), सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे आणि फारसं काही नाही. समुद्र त्यांच्या दाराशी होता. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी शेवाळालाच कामाला लावलं. उथळ तबकात जाळी, तिच्यावर भरपूर उजेड, अंगावरून लाटेसारखं उसळणारं पाणी, आणि जाळीवर उगवणारं आखूड शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचं. त्या यंत्राचं पेटंट त्यांना १९८२ साली मिळालं. १९८७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला प्रवाळभित्तीचं भलंमोठं मत्स्यालय उघडलं, ते सुरुवातीला याच पद्धतीवर चालत होतं. इकडे जर्मनीत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड आणि दमदार स्किमर यांची जोडी जमवली. स्किमर सेंद्रिय मळ सडण्याआधीच फेसातून वर काढतो. मी राहते तिथे आजही बहुतेक टाक्या या बर्लिन पद्धतीच्याच वारसदार आहेत, आणि माझ्याकडेही स्किमर आहे. तो काढून टाकायचा विचार मी करत नाही. पण स्किमर विरघळलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट उचलत नाही. तिथून पुढचं काम हिरव्यांचं.

टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे टाकीचं पाणी जिथून फिरून वर जातं त्या जोडटाकीत, मी एक कप्पा त्यांच्यासाठी ठेवला आहे. मासे तिथे पोचत नाहीत. त्यात कीटोमॉर्फा या शेवाळाचा एक गुंता सतत गोल फिरत असतो. मासळीच्या जाळ्याला वापरतात तसला कडक, चकचकीत हिरवा धागा, मुळं नाहीत, पानं नाहीत, पेशीला पेशी जोडलेली एकच ओळ. वरचा दिवा रात्री लागतो, मुख्य टाकीचे दिवे मालवल्यावर. रात्री मासे आणि प्रवाळ श्वास घेतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. त्याच वेळी खाली शेवाळ जागं असलं तर ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएचची घसरण आवरते. गुंता फिरता ठेवायचा कारण एका जागी पडला की आतला भाग अंधारात कुजतो, आणि कुजलं की घेतलेलं सगळं परत. त्या धाग्यांत कोपेपॉड आणि अँफिपॉड हे कोळंबीच्या गोतातले बारीक जीव वस्ती करतात, अधूनमधून पाण्याबरोबर वर जातात आणि माझ्या मँडरिन माशाच्या तोंडी लागतात. हा मासा दिवसभर एकेक टिपत हिंडतो. विकतच्या खाद्याकडे तो सहसा पाहत नाही. त्याच्यासाठी हा कप्पा म्हणजे नुसती गाळणी नाही, कोठार आहे.

पंधरा दिवसांनी मी त्या गुंत्याचा निम्मा भाग काढते, पिळून तोलते. समजा अर्धा किलो भरला. त्यात सुकं वजन साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ५० ग्रॅम. त्यात तीन टक्के नत्र धरला तर दीड ग्रॅम. खाद्यातून त्याच पंधरवड्यात आत गेलेला नत्र होता तीन ग्रॅम. म्हणजे निम्मा भार या शेवाळाने अंगावर घेतला. बाकीचा माशांच्या वाढीत, स्किमरच्या कपात आणि दगडांच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात, तिथे गेला.

फॉस्फरसचं मात्र असं होत नाही, आणि हे कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा रेंगाळते. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी दाखवलं की समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांत नत्र आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण १६ ला १ असं असतं. माशांचं खाद्यही मोजून पाहिलं तर याच आसपास निघतं. मोठ्या, तळाला वाढणाऱ्या शैवालांचं प्रमाण मात्र ३० ला १ च्या आसपास असतं. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३मध्ये जगभरातले नमुने एकत्र करून हे मांडलं. याचा टाकीतला अर्थ सरळ आहे. शेवाळ नत्र भराभर खातं आणि फॉस्फरस त्याच्या निम्म्या प्रमाणात. माझ्या हिशेबात निम्मा नत्र बाहेर जातो तेव्हा फॉस्फरस पावच बाहेर जातो. उरलेला पाण्यात दिसतो, किंवा दगडांच्या आणि वाळूच्या कॅल्शियम कार्बोनेटला चिकटून बसतो आणि पुढे कधीतरी सुटतो. म्हणून नुसत्या शेवाळावर टाकी चालवणाऱ्यांकडे पुष्कळदा नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट चढं असं विचित्र चित्र दिसतं. मग नत्र संपला म्हणून शेवाळाची वाढही थांबते. अशा वेळी थोडा नत्र बाहेरून घालावा लागतो, ऐकायला कितीही उलटं वाटलं तरी. लोह आणि मँगनीजही ते झपाट्याने संपवतं. धागे फिकट, ठिसूळ होऊ लागले की मी आधी लोह पाहते.

खऱ्या झाडांचं म्हणाल तर बरेच लोक सम्पमध्ये कांदळाची रोपं उभी करतात. आमच्या खाडीत वाढलेल्या माणसाला त्या लांबट, खाली टोकदार शेंगा पाहून आनंद होणारच. दिसतात सुंदर, पण पोषक द्रव्यं काढायला त्यांचा उपयोग अगदी थोडा. कांदळ सावकाश वाढतो, आणि सावकाश वाढणारा सावकाशच खातो. मी त्याला टाकीत ठेवत नाही. तो खाडीतच शोभतो.

आता सॉफ्ट कोरल. ही मृदू प्रवाळं शेवाळाच्या पंगतीत बसवली की काही लोकांच्या भुवया उंचावतात, कारण ती प्राणी आहेत. पण त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं नत्र आणि फॉस्फेट वापरतात, आणि अमोनिया तर नायट्रेट व्हायच्या आतच उचलतात. त्यांना भित्ती बांधायची नसते. अंगात चुन्याच्या बारीक सुया असतात तेवढ्याच. म्हणून सगळी कमाई मांस वाढवण्यात जाते. सिन्युलारिया, सार्कोफायटन, केनिया ट्री म्हणतात ती कॅपनेला, ही सगळी पोषक द्रव्यांनी थोड्या जड झालेल्या पाण्यात उलट खुशीत असतात. अ‍ॅक्रोपोरासारखी दगडी प्रवाळं रुसतील अशा पाण्यात ही फोफावतात. सार्कोफायटन अधूनमधून मिटून बसतं, अंगावर मेणकट पापुद्रा धरतं आणि तो झटकून टाकतं. त्याबरोबर अंगावर बसलेलं शेवाळही जातं. पाण्यात ती टर्पीन वर्गातली रसायनं सोडतात, शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी. बंद टाकीत ती साठतात, म्हणून सक्रिय कोळशाची पिशवी माझ्याकडे कायम असते.

यांतली सर्वांत खादाड झेनिया. तिचे पॉलिप, म्हणजे वस्तीतले एकेक जीव, आठही स्पर्शक उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात, दिवसरात्र. इतर प्रवाळांत हे असं दिसत नाही. २०१३मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी एलातच्या आखातात तिच्याच कुळातल्या हेटेरोझेनियावर काम करून याचं कारण शोधलं. या हालचालीने अंगालगतचं प्राणवायूने भरलेलं पाणी दूर लोटलं जातं, आणि आतल्या शैवालांचं प्रकाशसंश्लेषण कितीतरी पटींनी वाढतं. घास पकडण्यापेक्षा ही सगळी धडपड पाणी बदलत ठेवायची आहे. म्हणूनच झेनियाला तोंडाने भरवावं लागत नाही. ती पाण्यातून घेते आणि सरकत सरकत पुढचा दगड व्यापते.

मी तिला वेगळ्या दगडावर ठेवते, वाळूच्या मधोमध, जिथून तिला दुसरीकडे जाता येत नाही. दगड भरला की कात्रीने छाटते. छाटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे टाकीतून बाहेर गेलेला नत्र. इथल्या हौशी मंडळींत हे फ्रॅग हातोहात जातात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर किलोच्या हिशेबात मृदू प्रवाळं शेवाळाची बरोबरी करू शकत नाहीत. शेवाळ पोतं भरून निघतं, प्रवाळ ओंजळभर. शिवाय झेनियाची एक सवय आहे. कारण कळायच्या आत कधीकधी सगळी वस्ती एकदम वितळते, आणि महिन्यांचं खाल्लेलं एका रात्रीत पाण्यात उतरतं. म्हणून भार शेवाळावर, आणि प्रवाळांनी वरचेवर हातभार लावायचा, अशी वाटणी मला योग्य वाटते. मृदू प्रवाळं मी ठेवते ती मुख्यतः ती सुंदर आहेत म्हणून. ती खातात हा त्यांचा मोठेपणा.

मालवणला काकांशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "काय गो बाय, हयसरचो समुद्र सोडून थंय गेलंस आणि आता शेवाळ पाळतंस?" मग क्षणभर थांबून म्हणाले, "काढलंस तां फुकट घालव नको. माडाच्या मुळात घाल." माड इथे नाही. पण धुऊन मीठ उतरवलेलं शेवाळ बाल्कनीतल्या कुंड्यांना खरंच मानवतं. काकांना नत्र आणि फॉस्फरसचं प्रमाण ठाऊक नाही. समुद्रातून निघालेलं जमिनीत घालायचं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

"फुकट घालव नको" या बोलण्याला स्टुटगार्टमध्ये वेगळं वजन आहे. कीटोमॉर्फाच्या आधी सगळ्यांच्या सम्पमध्ये कॉलर्पा ही शेवाळाची जात असायची. पिसासारखी नाजूक, देखणी, आणि भूक प्रचंड. एकेक झुडूप म्हणजे एकच पेशी, तिच्यात असंख्य केंद्रकं. प्रजननाची वेळ आली की ती सगळा ऐवज पाण्यात सोडून देते, टाकी गढूळ हिरवी होते आणि मागे पांढरी साल उरते. पण तो टाकीपुरता त्रास. खरी गोष्ट या शहरातून सुरू होते. इथल्या विल्हेल्मा प्राणी-वनस्पती उद्यानाच्या मत्स्यालयात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक वाण होता. थंड पाण्यात तगणारा, भराभर वाढणारा. टाकीसाठी याहून गुणी काय असणार? तो एका मत्स्यालयातून दुसऱ्यात गेला. १९८४मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खालीच, भूमध्य समुद्रात, त्याचा साधारण एक चौरस मीटरचा ठिपका सापडला. नीस विद्यापीठाचे अलेक्सांद्र मेनेझ हे धोक्याची सूचना वर्षानुवर्षं देत राहिले. तोवर तो वाण नांगरांना आणि जाळ्यांना अडकून किनाऱ्या-किनाऱ्याने फ्रान्स, इटली, स्पेन असा पसरत गेला. भूमध्य समुद्रात त्याची फक्त नर बीजं मिळाली, तरीही निव्वळ तुटलेल्या तुकड्यांवर त्याने हजारो हेक्टर तळ गाठला. पुढे जनुकीय तपासणीत मत्स्यालयातला वाण आणि समुद्रातला वाण एकच निघाला.

२०००च्या जूनमध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात कार्ल्सबादजवळच्या खाजणात दिसला. तिथल्या लोकांनी वेळ दवडला नाही. काळ्या ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडलं आणि सहा वर्षं पाळत ठेवून २००६मध्ये तो संपल्याचं जाहीर केलं. लाखो डॉलर गेले. भूमध्यात तो पुढे बऱ्याच ठिकाणी आपणच ओसरला, पण ते कोणाच्या कर्तबगारीने नव्हे.

विल्हेल्माच्या काचांसमोर मी बऱ्याचदा उभी राहते. तिथल्या कोणी जाणूनबुजून हे केलं असं मला वाटत नाही. त्यांनी त्या वाणात जे पाहिलं तेच मीही कीटोमॉर्फात पाहते : कशावरही जगेल, काहीही खाईल, मरणार नाही. टाकीत ज्या गुणासाठी आपण एखाद्याला निवडतो, त्याच गुणाने तो बाहेर सुटला तर समुद्राचा घास घेतो. मृदू प्रवाळंही याला अपवाद नाहीत. झेनियाच्याच कुळातली युनोमिया स्टोलोनिफेरा, मूळची इंडोनेशियाकडची, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर स्थानिक प्रवाळांवर चढून बसली आहे आणि हवाईत पर्ल हार्बरच्या तळाशीही पोचली आहे. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती गेली असावी असाच अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, कुरुसडई बेटाजवळ, लागवडीसाठी आणलेलं काप्पाफायकस शेवाळ जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ सालची.

म्हणून छाटलेलं शेवाळ मी आधी फ्रीझरमध्ये गोठवते, मगच कुंडीत किंवा ओल्या कचऱ्यात घालते. बादलीतलं पाणी नाल्यात किंवा नदीत जात नाही. जे मित्र मुंबईत टाक्या ठेवतात त्यांना माझं सांगणं जास्त कडक असतं, कारण त्यांचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि पाण्याचं तापमानही या जिवांना मानवणारं. मालवणच्या गढूळ पाण्यात पोरायटिस आणि टर्बिनारिया कशीबशी तग धरून आहेत. त्यांच्या अंगावर झेनिया नको. आणि तिथून दगड उचलून आणायचा तर विचारही नको. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांत हौसेला सूट नाही.

सध्या दुसऱ्या कप्प्यात मी लाल ग्रॅसिलारिया लावून पाहते आहे. ती कीटोमॉर्फाइतकी भराभर वाढत नाही, पण माझा पिवळा टँग मासा ती आवडीने खातो. टँगला घातलेली ग्रॅसिलारिया हिशेबात बाहेर गेली असं धरता येत नाही. तो नत्र फिरून पाण्यातच येतो. पण तेवढं विकतचं खाद्य कमी घालावं लागतं, म्हणजे नवा नत्र तेवढा कमी आत येतो. कीटोमॉर्फाचा गुंता दर पंधरवड्याला बाहेर, ग्रॅसिलारियाची मूठभर फांदी दर दोन-तीन दिवसांनी टँगपुढे, आणि फॉस्फेट चिकटवून घेणाऱ्या लोहाच्या दाण्यांची छोटी नळी, जी आठवड्यातून एकदा तपासून लागेल तेवढीच चालू करायची. परवाच्या टेस्टमध्ये नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०६ आलं. ग्रॅसिलारियाच्या वरचा दिवा तासभर वाढवून पुढचा पंधरवडा पाहणार आहे.